हात आपल्या हुकमात, पेला जगाच्या

टेबलावर पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला आहे आणि समोर रोबॉटचा हात. एवढे एक चित्र व्हिडिओ तयार करणाऱ्या एआय मॉडेलला दिले आणि खाली लिहिले, ‘रोबॉट पेला उचलून फळीवर ठेवतो’, की थोड्याच वेळात अगदी तसे घडताना दिसते. हात पुढे येतो, पाणी हलकेच हिंदकळते, काचेवर उजेड चमकतो, पेला फळीवर जाऊन बसतो. आता तो मजकूर काढून टाकू आणि त्याच्या जागी हाताच्या सांध्यांना द्यायच्या हुकमांची मालिका देऊ. ती मुद्दाम अशी निवडू, की ग्रिपरची, म्हणजे हाताच्या टोकाला असलेल्या पकडीची, बोटे पेल्यापासून दोन सेंटिमीटर बाजूला मिटतील. खऱ्या टेबलावर काय होईल हे लहान मूलही सांगेल. बोटे हवेत मिटतील आणि पेला होता तिथेच राहील. मॉडेलच्या चित्रात मात्र पुष्कळदा वेगळेच घडते. पेला आपण होऊन बोटांकडे सरकतो, किंवा मधल्या दोनचार फ्रेममध्ये काहीतरी धूसर होते आणि पुढे पाहावे तर पेला अलगद बोटांत आलेला असतो.

हा चित्रातला किरकोळ दोष आहे असे मला वाटत नाही. मॉडेलने हुकूम ऐकलाच नाही. हुकुमामागची इच्छा ओळखली आणि ती पुरी करून टाकली. ग्रिपर पेल्याजवळ आला म्हणजे पेला उचलायचा असणार, आणि उचलायचा असेल तर तो उचलला जाणारच, एवढे त्याला पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रफितींवरून ठाऊक झाले आहे. चित्रपट करणाऱ्याला असा सहायक मिळाला तर त्याचे काम हलके होईल. रोबॉटला असा सहायक मिळाला तर एक दिवस पेला फुटेल. आणि पेल्याच्या जागी कुणाचे मनगट असेल तर त्याहून वाईट काही घडेल.

व्हिडिओ मॉडेल अधिक नियंत्रणात आणा, ही मागणी सध्या रोबॉटिक्समध्ये जोरात आहे. मागणी रास्तच आहे. पण ‘नियंत्रण’ या एका शब्दाखाली दोन परस्परविरोधी गोष्टी नांदतात. शेवटी चित्रात काय दिसावे हे आपल्या मर्जीने ठरवता येणे, ही एक. आपण फक्त हाताची हालचाल ठरवायची आणि त्यावर जग काय उत्तर देते ते मॉडेलने जसेच्या तसे दाखवायचे, ही दुसरी. पहिल्या प्रकारात हातासोबत पेलाही आपल्या ताब्यात असतो. दुसऱ्यात हात तेवढा आपला. रोबॉटला हा दुसरा प्रकार हवा आहे आणि कौतुक बहुतेक वेळा पहिल्याचे होते आहे, असे माझे ठाम मत आहे. हा फरक संशोधकांनी आपापसात मिटवावा इतका लहानही नाही. या मॉडेलांच्या आत परीक्षा देऊन ‘उत्तीर्ण’ झालेले रोबॉट उद्या घरांत, इस्पितळांत आणि रस्त्यांवर आपल्याशेजारी वावरणार आहेत, त्यामुळे ती परीक्षा कशी घेतली हे विचारण्याचा हक्क सगळ्यांचा आहे.

कृती करण्याआधी ती मनातल्या मनात करून पाहावी, ही कल्पना जुनी. केनेथ क्रेक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडले होते, की प्राणी आपल्या डोक्यात बाहेरच्या जगाची एक छोटी प्रतिकृती बाळगत असेल तर तो निरनिराळे पर्याय आधी तिच्यावर आजमावू शकतो आणि मग त्यातला बरा पर्याय प्रत्यक्षात आणू शकतो. रोबॉटसाठी ही प्रतिकृती चित्रफितींतून घडवण्याचा एक ठळक प्रयत्न २०१६ सालचा. चेल्सी फिन, इयन गुडफेलो आणि सर्गेई लेविन यांनी रोबॉटच्या हातांनी वस्तू ढकलण्याचे सुमारे ५९,००० प्रसंग वापरून एका नेटवर्कला शिकवले, की ही हालचाल केली तर पुढची चित्रे कशी दिसतील. ती चित्रे आज पाहिली तर दरिद्री वाटतात. काही फ्रेम पुढे गेले की वस्तू विरघळून डाग उरतो. पण तो डाग हालचालीप्रमाणे हलत असे. डावीकडून ढकलले तर डाग उजवीकडे, हात चुकून बाजूने गेला तर डाग जागेवर. अंधुक होते, पण कृतीशी इमान राखून होते. त्याच धर्तीच्या अंदाजांवर विसंबून पुढे रोबॉटने वस्तू ढकलण्याची योजना स्वतः आखून दाखवली.

त्यानंतरच्या वर्षांत चित्रांचा अंधुकपणा गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयने सोरा मॉडेल दाखवले, तेव्हा सोबतच्या तांत्रिक अहवालाने व्हिडिओ मॉडेलांना ‘जगाचे सिम्युलेटर’ म्हटले. त्याच अहवालात, आणि हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरून होते, अशीही कबुली होती की काच फुटणे यासारख्या साध्या भौतिक घटना मॉडेलला नीट जमत नाहीत आणि खाल्लेल्या पदार्थात होणारा बदल नेहमी बरोबर दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने कॉसमॉस ही मॉडेलांची मालिका आणली. तिच्यासाठी दोन कोटी तासांचे व्हिडिओ वापरल्याचे त्यांनी सांगितले. चित्र सुंदर झाले म्हणजे जगाचे ज्ञानही वाढले असेल, असे आपण सहज धरून चालतो. २०२५ सालच्याच फिजिक्स-आयक्यू या चाचणीने ही समजूत खोडून काढली. खऱ्या प्रयोगांचे चित्रण घेऊन त्यांचा पुढचा भाग मॉडेलांकडून तयार करून घेतला, तेव्हा व्हिडिओ किती खरा दिसतो आणि तो भौतिक नियमांना किती धरून आहे यांत काही नाते आढळले नाही. माझ्या लेखी हा त्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होता. पाहणाऱ्याचा डोळा हा इथे वाईट परीक्षक आहे. आपण उजेड, पोत, पाण्याची लकेर यांवर भाळतो. रोबॉटला कळायचे असते ते एवढेच, की बोटे इथे मिटली तर ती वस्तू हातात येईल की नाही.

अशा खोट्या जगात शिकणाऱ्याचे काय होते, याचा धडा २०१८ सालीच मिळाला होता. डेव्हिड हा आणि युर्गन श्मिडहुबर यांनी एका संगणकीय खेळाचे मॉडेल घडवले आणि खेळाडू प्रोग्रॅमला प्रत्यक्ष खेळाऐवजी त्या मॉडेलच्या ‘स्वप्नात’ शिकवले. खेळात राक्षस आगीचे गोळे फेकतात आणि ते चुकवायचे असतात. शिकता शिकता त्या खेळाडूला स्वप्नातली एक फट सापडली. विशिष्ट तऱ्हेने हालत राहिले तर राक्षस गोळे फेकतच नाहीत. स्वप्नात त्याला उत्तम गुण पडू लागले, खऱ्या खेळात ती युक्ती कुचकामी ठरली. मग संशोधकांनी स्वप्नातली अनिश्चितता मुद्दाम वाढवली, ते अधिक कठीण आणि बेभरवशाचे केले, तेव्हा तिथे शिकलेले बाहेर उपयोगी पडू लागले. या प्रसंगात त्या प्रोग्रॅमचा काही दोष नाही. गुण मिळवायला सांगितले, त्याने मिळवले. शिकणारा यंत्र असो की प्राणी, तो जगाची फट हुडकणारच. म्हणून इच्छा पुरवणारे मॉडेल रोबॉटला शिकवायला घेणे फार धोक्याचे आहे. जवळ गेले की पेला आपण होऊन हातात येतो, हे एकदा कळल्यावर नेमकी पकड शिकण्याचे त्याला कारणच उरत नाही.

मग मॉडेल असे लाडावते कशामुळे? मुख्य दोष त्याला दिलेल्या उदाहरणांत आहे. रोबॉटचा डेटा बहुधा असा गोळा होतो: माणूस हातात नियंत्रक घेऊन दुरून रोबॉटचा हात चालवतो, ठरवलेले काम पार पाडतो, आणि ती नोंद साठवली जाते. काम फसले तर पुष्कळदा ती नोंद पुसून पुन्हा केली जाते. नक्कल करून शिकणाऱ्या रोबॉटसाठी हे योग्यच आहे, कारण त्याने चुकांची नक्कल करू नये. पण जगाचे मॉडेल शिकवायचे तर नेमक्या चुकाच हव्यात. पन्नास हजार वेळा पेला उचलला गेलेला पाहिला आणि एकदाही बोटे हवेत मिटलेली पाहिली नाहीत, तर मिटणे आणि उचलले जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत हे मॉडेलला कळणार कसे?

याहून खोल एक अडचण आहे. कुशल माणसाची हालचाल समोरच्या दृश्यानेच ठरलेली असते. पेला डावीकडे असला की हात डावीकडेच जातो. त्यामुळे पहिल्या चित्रावरूनच पुढचे सगळे ओळखता येते, आणि आपण सोबत दिलेले सांध्यांचे हुकूम वाचण्याची मॉडेलला गरज पडत नाही. परीक्षेत उत्तरे पाठ असलेल्या मुलाने प्रश्न न वाचावा, तसे हे. यावरचा उतारा फारसा रुबाबदार नाही. रोबॉटला निरर्थक हालचाली करू द्यायच्या, वस्तूंशी खेळू द्यायचे, त्याच जागेवरून वेगवेगळ्या आणि चुकीच्या दिशांना हात न्यायचा, आणि जे होईल ते नोंदवायचे. २०१६ सालच्या त्या ढकलाढकलीच्या नोंदी या दृष्टीने आजच्या कित्येक नेटक्या नोंदींपेक्षा शहाण्या होत्या. २०२४ सालच्या ड्रॉइड संग्रहात सुमारे ७६,००० प्रयत्न, म्हणजे ३५० तासांच्या नोंदी आहेत, आणि त्याच्या मूळ साठ्यात फसलेले प्रयत्न ‘अपयश’ अशा वेगळ्या कप्प्यात जपलेले आहेत. हे पाहून मला मनापासून बरे वाटले. पण ३५० तास कुठे आणि दोन कोटी तास कुठे.

नियंत्रणाच्या ज्या पद्धती आज वापरात आहेत, त्यांच्याकडे या कसोटीतून पाहिले की त्यांची प्रतवारी बदलते. सर्वांत सोपी पद्धत शब्दांची. शब्द हे उद्दिष्टाचे वाहन आहे. ‘उचलतो’ या क्रियापदातच यश गृहीत धरलेले असते. डिफ्यूजन मॉडेलांमध्ये, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांतून हळूहळू चित्र घडवणाऱ्या मॉडेलांमध्ये, दिलेल्या सूचनेचे पालन किती काटेकोर व्हावे हे वाढवता येते, पण ते वाढवले की उत्तरांतली विविधता घटते. सूचना ही इच्छाच असेल, तर या खटाटोपातून मॉडेल अधिक आज्ञाधारक होत नाही. त्याचा आशावाद तेवढा पक्का होतो.

दुसरी पद्धत वस्तूचा मार्ग चित्रावर रेखाटून देण्याची: पेला इथून असा जाईल. दृश्यकलेत काम करणाऱ्यांसाठी हे वरदान आहे, रोबॉटसाठी मात्र हे उत्तरपत्रिका आधी भरून मग प्रश्न विचारण्यासारखे. पेल्याचा मार्ग जर आपणच ठरवला, तर मॉडेलकडून शिकण्यासारखे राहिले काय? तिसऱ्या प्रकारात वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहेत याचा नकाशा, त्यांच्या कडा, त्यांचे विभाग अशी रचना आधी देऊन मॉडेलकडून फक्त रंगरूप भरून घेतले जाते. कॉसमॉसच्या मालिकेत यासाठी वेगळे मॉडेल आहे. याला माझा काही आक्षेप नाही, कारण इथे पेला कुठे पडला हे जुन्या पद्धतीच्या भौतिक सिम्युलेटरने, म्हणजे भौतिक नियमांचे गणित करणाऱ्या प्रोग्रॅमने, ठरवलेले असते आणि व्हिडिओ मॉडेल केवळ उजेड, लाकूड, भिंत बदलते. कामांची वाटणी स्वच्छ आहे.

राहिली ती खरी पद्धत, कृतीची. प्रत्येक फ्रेमसोबत सांध्यांचे कोन, ग्रिपरची उघडमीट, हाताच्या टोकाची जागा द्यायची आणि पुढची फ्रेम मागायची. याला लागणारा डेटा दुर्मीळ आहे, कारण जगातल्या बहुतेक व्हिडिओंसोबत कृतीची नोंद नसते. स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या मनगटाला कुणी मीटर लावलेले नसतात. म्हणून कृती व्हिडिओतूनच ओळखून काढण्याचा मार्ग निघाला. गूगल डीपमाइंडच्या २०२४ सालच्या जीनी मॉडेलने दोन मितींच्या खेळांचे चित्रण पाहून, कुणी बटणांची नोंद न देता, आठ गुप्त कृतींचा संच स्वतः शोधला होता. कल्पना फार हुशार आहे आणि पुढे याच वाटेने मोठी मजल मारली जाईल असे मला वाटते. पण इथेही तीच मेख आहे. दोन चित्रांमधला फरक म्हणजे ‘कृती’ असे धरले, तर हाताचे हलणे आणि पेल्याचे हलणे दोन्ही त्या एकाच गाठोड्यात बांधले जातात. मग ‘कृती’ म्हणून आपण जे देतो त्यात परिणाम आधीच भरलेला असतो. गुप्त कृतींच्या पद्धतीतून हात तेवढा वेगळा काढणे, हा मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला प्रश्न वाटतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. २०२५ साली एनव्हिडियाच्या संशोधकांनी ड्रीमजेन या नावाने दाखवले, की शब्दांवर चालणाऱ्या व्हिडिओ मॉडेलकडून रोबॉटची यशस्वी कामे रंगवून घ्यायची, त्या चित्रांवरून सांध्यांच्या हालचाली मागे काढायच्या आणि त्यांवर रोबॉटला शिकवायचे, असे केल्यास एक मानवाकृती रोबॉट २२ नवी कामे करू लागतो. प्रत्यक्ष नोंदी फक्त वस्तू उचलून ठेवण्याच्या एकाच कामाच्या होत्या. म्हणजे ज्याला मी इच्छा पुरवणारे मॉडेल म्हणतो आहे, तेच शिकवायला उपयोगी पडले. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. काम साधारण कसे दिसते हे दाखवायला आशावादी चित्रही पुरते, जसे नृत्य शिकणाऱ्याला उत्तम नर्तकाचे चित्रण पुरते. पण त्या २२ कामांत रोबॉट यशस्वी झाला की नाही, हे शेवटी खऱ्या जगात खऱ्या हाताने ठरवले. रंगवणारे मॉडेल आणि तपासणारे जग वेगळे होते. माझा विरोध आहे तो ही तपासणीही मॉडेलवर सोपवण्याला, आणि उद्योगाची पावले त्या दिशेने पडत आहेत. त्यांची अडचणही मला समजते. खऱ्या रोबॉटवर एकेक धोरण, म्हणजे काय दिसले तर काय करायचे हे ठरवणारा प्रोग्रॅम, शेकडो वेळा चालवून पाहणे महागडे आणि रटाळ असते, शिवाय दर वेळी माणसाला टेबल पुन्हा मांडावे लागते. मॉडेलमध्ये तेच रातोरात होते.

बरे, भौतिक सिम्युलेटर आधीपासून आहेत, मग हा व्याप कशाला, असेही विचारले जाते. मुजोकोसारखी साधने कडक वस्तूंच्या हालचाली छान मोजतात. पण ओला कपडा, मळलेली कणीक, पिशवीत गोळा झालेली फळे, गुंतलेली वायर यांचे गणित अवघड असते आणि प्रत्येक नवी खोली कुणीतरी हाताने बांधावी लागते. व्हिडिओ मॉडेलने हे सगळे लाखो वेळा पाहिलेले आहे. म्हणूनच ते टाकून द्या असे मी म्हणत नाही. ते नीट वळणावर आणा, असे म्हणतो.

वळणावर आणायचे म्हणजे काय, याचे उत्तर विमान वाहतुकीने फार पूर्वी शोधले आहे. वैमानिक ज्या सिम्युलेटरवर शिकतात तो किती खरा दिसतो एवढ्यावर त्याला मान्यता मिळत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांचा ६०वा भाग याच विषयावर आहे. खऱ्या विमानाच्या चाचणी उड्डाणांतील नोंदी घ्यायच्या, तेच हुकूम सिम्युलेटरला द्यायचे, आणि दोन्हींचे प्रतिसाद ठरावीक मर्यादेत जुळतात का ते पाहायचे. ही तुलना एकदाच करून थांबत नाहीत, ती पुन्हा पुन्हा होते. सर्वांत वरच्या, म्हणजे डी पातळीच्या सिम्युलेटरवर वैमानिकाला नव्या जातीच्या विमानाचे जवळजवळ सगळे प्रशिक्षण देता येते. एवढा विश्वास त्या तुलनेने कमावलेला आहे.

आणि तरीही तिथे एक भोक राहिले होते. पंख समोरून येणाऱ्या हवेला फार तिरपे झाले की त्यांना मिळणारी उचल एकदम घटते, त्या अवस्थेला स्टॉल म्हणतात. वैमानिकांचा सराव त्या अवस्थेच्या उंबरठ्यापर्यंतच होत असे. उंबरठा ओलांडल्यावर विमान कसे वागते, हे बहुतेक सिम्युलेटरमध्ये नीट भरलेलेच नव्हते, कारण त्या भागातल्या नोंदी मिळवणे धोक्याचे आणि तिथे सराव कुणी मागितलेला नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे उड्डाण कोसळले आणि ५० माणसे गेली. स्टॉलच्या इशाऱ्यावर कप्तानाने दिलेला प्रतिसाद चुकीचा होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. पुढे २०१३ मध्ये पूर्ण स्टॉलचे प्रशिक्षण सक्तीचे करणारा नियम आला, आणि २०१६ मध्ये सिम्युलेटरांनी त्या अवस्थेतले वर्तन खरेखुरे दाखवले पाहिजे, अशी सुधारणा त्या ६०व्या भागात झाली. अपयशाच्या पलीकडचा प्रदेश नकाशावर आणायला इतकी माणसे जावी लागली. रोबॉटच्या व्हिडिओ मॉडेलांमध्ये आज नेमका हाच प्रदेश कोरा आहे: सुटलेली पकड, घसरलेली ताटली, मध्येच आलेले मूल.

म्हणून माझी मागणी सौंदर्याची नाही, तुलनेची आहे. एकच सुरुवातीचे चित्र घ्यावे. त्यावर पन्नास वेगवेगळ्या हुकुममालिका द्याव्यात, त्यातल्या निम्म्याहून अधिक मुद्दाम फसणाऱ्या. त्या पन्नास मालिका खऱ्या रोबॉटवरही चालवाव्यात. मॉडेलने ज्यांना फसलेल्या दाखवले त्या खरोखर फसल्या का, हे मोजावे आणि ते आकडे जाहीर करावेत. मनगटावरच्या कॅमेऱ्यातले चित्र आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातले चित्र एकमेकांशी जुळते का, हातामागे गेलेली वस्तू तीच राहून बाहेर येते का, मिनिटभर चालवल्यावर खोली तीच राहते का, हेही त्यात यावे. ही तपासणी मॉडेल बनवणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणीतरी करावी. जी संस्था मॉडेल घडवते, त्याच मॉडेलमध्ये आपला रोबॉट शिकवते आणि त्याच मॉडेलमध्ये त्याची चाचणी घेऊन तो सुरक्षित असल्याचे सांगते, ती प्रश्नपत्रिका काढते, सोडवते आणि तपासतेही. असा निकाल सुरक्षिततेचा पुरावा म्हणून कुठल्याही नियामकाने स्वीकारू नये. औद्योगिक रोबॉटसाठी आयएसओ १०२१८ हे सुरक्षा मानक आहे आणि त्याची नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. युरोपीय संघाचा यंत्रसामग्रीचा नवा कायदा जानेवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. अशा नियमांच्या अंमलात, कल्पित चित्रांतल्या चाचणीला किती वजन द्यायचे हे आताच लिहून ठेवले पाहिजे. अपघातानंतर लिहायला बसू नये.

सोबत अपयशाच्या नोंदींचा सार्वजनिक साठा हवा. आपल्या रोबॉटच्या हातून काय काय पडले, हे कुठलीही कंपनी आनंदाने सांगणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण विमान क्षेत्रात चुका कळवणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या व्यवस्था उभ्या राहिल्या आणि त्यातून सगळ्यांचेच विमान सुरक्षित झाले. सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या प्रयोगशाळांनी तरी फसलेले प्रयत्न पुसणे आजपासून थांबवावे. त्याला जागेखेरीज वेगळा खर्च येत नाही.

वेगाचा प्रश्न उरतो, त्याबद्दल थोडक्यात. रोबॉटच्या हाताचे अंतर्गत नियंत्रण सेकंदाला हजार वेळा चालते, आणि चित्रे रंगवणारे मॉडेल एका योजनेसाठी मिनिटे घेते. मेटाने जून २०२५ मध्ये आणलेल्या व्ही-जेपा २ या मॉडेलची वाट वेगळी आहे. ते पुढचे चित्र रंगवतच नाही, चित्राच्या अर्थाचे पुढचे रूप सांगते. दहा लाखांहून अधिक तासांचे व्हिडिओ पाहिल्यावर, रोबॉटच्या ६२ तासांहून कमी नोंदींवर त्याने कृतीचे परिणाम शिकले. त्यांच्याच तुलनेत एका कृतीच्या योजनेला त्याला सुमारे १६ सेकंद लागले, कॉसमॉसला सुमारे ४ मिनिटे. या वाटेला माझा कल आहे, कारण पेल्यावरची चमक रंगवण्यात खर्ची पडणारी ताकद तिथे वाचते. पण चित्र नसले की माणसाला चूक डोळ्यांनी दिसत नाही, हेही तितकेच खरे. बोटांकडे सरकलेला पेला निदान दिसला तरी. अर्थांच्या आकड्यांत सरकलेला पेला शोधायला जी तुलना मी वर मागितली आहे, तीच लागेल.

आणि एक गोष्ट कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. टेबलावर काचेच्या पेल्याऐवजी पत्र्याचा झाकणबंद डबा ठेवू. तो भरलेला आहे की रिकामा? चित्रात दोन्ही डबे सारखेच. वजन, घर्षण, आतले द्रव, झाकणाची ढिलाई, यांतले काहीही त्या पहिल्या फ्रेममध्ये नाही. इथे सर्वांत आज्ञाधारक मॉडेललाही एक उत्तर देता येणार नाही, आणि ते दिले तर तो अंदाज खात्री म्हणून खपवल्यासारखे होईल. अशा वेळी मॉडेलने दोन चित्रे दाखवावीत. एकात डबा सहज उचलला जातो, दुसऱ्यात ग्रिपरची बोटे घसरतात आणि डबा तिरका होतो. दोन्हींपुढे आपल्याला ते किती शक्य वाटते हेही सांगावे. त्या दोन चित्रांवरून रोबॉटला एक तिसरीच हालचाल सुचू शकते, जिचे उत्तर दोन्ही शक्यतांत वेगळे येईल. डबा बोटाने एका कडेला जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहायचा, आणि मग ठरवायचे.